दुष्काळावरचा कार्यक्रम: ऐकणारा हताश न होता कामाला लागावा, अशी मांडणी कशी करायची?

बोरबन (प्रश्न)

नमस्कार मंडळी. अवर्षणप्रवण पट्ट्यातल्या एका गावात १ मेच्या ग्रामसभेच्या आदल्या संध्याकाळी पारावर ४० मिनिटांचा कार्यक्रम करायचा आहे. लोकसंख्या १,४००, शिवार ९०० हेक्टर, सरासरी पाऊस ४५० मि.मी., मोठी जनावरं ६००. उत्तरेला उताराचं गायरान आहे, १९७२ च्या दुष्काळी कामातला एक पाझर तलाव आहे (गाळाने निम्मा भरलेला), आणि गेल्या काही वर्षांत बोअर बरेच वाढलेत.

संहितेचा खर्डा असा: पहिली २० मिनिटं ७२ चा दुष्काळ, टँकर, खाली गेलेली भूजलपातळी, हवामानबदल. मग १५ मिनिटं हिवरे बाजारची यशोगाथा. शेवटची ५ मिनिटं आवाहन.

वाचन करून पाहिलं तेव्हा दोनच प्रतिक्रिया आल्या. एक, "हे सगळं आपल्या हाताबाहेरचं आहे." दोन, "त्यांच्याकडे पोपटराव (तिथले सरपंच) होते, आपण कुठून आणायचे?" म्हणजे संकट सांगितलं तरी लोक खचतात आणि यश सांगितलं तरी खचतात.

क्रम कसा लावावा, आकडे कोणते घ्यावेत, आणि कार्यक्रमाच्या शेवटी लोकांसमोर नेमकं कोणतं काम ठेवावं? जाणकारांनी तपशिलात सांगावं.

---

उत्तररंग

बोरबन, तुमच्या खर्ड्यात ऐकणाऱ्याच्या वाट्याला शेवटची पाच मिनिटं येतात, तीही उपदेशाची. आधीची ३५ मिनिटं तो नुसता बघ्या आहे, आधी संकटाचा आणि मग दुसऱ्याच्या पराक्रमाचा. दोन्ही प्रतिक्रिया तिथूनच येतात.

कीर्तनात पूर्वरंगात सिद्धांत असतो आणि उत्तररंगात आख्यान. पूर्वरंग लांबला की मंडपातली माणसं हळूहळू उठतात. तुमचा पूर्वरंग चार मिनिटांवर आणा. भीती अजिबात दाखवायची नाही असं नाही, कारण परिस्थिती गंभीरच आहे. पण भीतीपाठोपाठ हाताला घेता येईल असं काम समोर आलं नाही, तर माणूस भीतीकडेच पाठ फिरवतो. "सगळीकडे असंच आहे", "वर बसलेल्याची मर्जी" ही वाक्यं आळसातून येत नाहीत. न पेलणाऱ्या गोष्टीपासून मन असं स्वतःला वाचवतं. म्हणून नियम असा ठेवा: संकटाचं प्रत्येक वाक्य गावाच्या हद्दीतलं असावं आणि त्याच्या पुढच्या वाक्यात त्याच हद्दीतला उपाय असावा. वितळणाऱ्या हिमनद्या काढून टाका. त्या खऱ्या आहेत, पण पारावर बसलेल्या माणसाला त्यांचं काही करता येत नाही.

"आपल्याला जमेल" हा भरवसा कुठून येतो, याची मांडणी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ साली केली. त्यांनी चार उगम सांगितले. सगळ्यांत भक्कम म्हणजे स्वतः करून जमल्याचा अनुभव. दुसरा, आपल्यासारख्याच माणसाला ते जमताना पाहणं. शब्दांनी दिलेला धीर तिसरा. चौथा, त्या घडीची मनाची आणि शरीराची अवस्था. तुमचा कार्यक्रम जवळजवळ सगळा तिसऱ्यावर उभा आहे. गाडगेबाबा गावात आल्यावर आधी खराटा हातात घेत, दिवसभर गाव झाडत आणि रात्री कीर्तन करत. कीर्तनातही सांगण्यापेक्षा विचारत जास्त, आणि उत्तर गर्दीतून यायचं. तुम्हीही काम आधी ठेवा. त्याच दिवशी सकाळी दोन तास गायरानावर काम होऊ द्या आणि संध्याकाळची गोष्ट "आज सकाळी काय झालं" इथून सुरू करा. तेव्हा समोर बसलेल्यांतले तीस-चाळीस जण त्या गोष्टीत आधीच आलेले असतील.

आता हिवरे बाजार. ते सांगाच, पण नायकाची कथा म्हणून नको. नायक मोठा केला की ऐकणारा लहान होतो. पोपटराव पवार १९८९-९० च्या सुमारास सरपंच झाले आणि गावाची निवड आदर्श गाव योजनेत झाली १९९४ साली. मधली चार-पाच वर्षं बहुतेक वक्ते एका वाक्यात उडवतात, खरी गोष्ट तिथेच आहे. गावाने कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, कुटुंबनियोजन आणि श्रमदान हे नियम घेतले, पुढे शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही आणि उसासारखं पाणीखाऊ पीक घ्यायचं नाही असं ठरवलं. यातला प्रत्येक नियम कुणाला तरी महागात पडणारा आहे. चराईबंदी शेळ्या-मेंढ्या राखणाऱ्याला जड जाते. बोअरबंदी ज्याच्या हातात पैसा आहे त्याला जड जाते. कुणी काय सोडलं आणि बदल्यात काय मिळालं (गुरं मोकळी सोडायची नाहीत, पण डोंगरावरचं गवत विळ्याने कापून नेता येतं) हे सांगितलंत, तर ऐकणाऱ्याला तो चमत्कार वाटणार नाही. त्याला तो एकामागून एक घेतलेला ठराव दिसेल, आणि ठराव त्याच्याही ग्रामसभेला करता येतो.

७२ चा दुष्काळही तुम्ही फक्त दुःख म्हणून घेतलाय. त्या काळात लोकांनी काम मागितलं, खडी फोडली, सुकडी खाऊन दिवस काढले, आणि रस्ते नि पाझर तलाव उभे केले. वि. स. पागे यांची रोजगार हमीची कल्पना त्याच दुष्काळात राज्यभर रुजली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. तुमचा पाझर तलाव त्याच हातांनी बांधलेला आहे. त्या कामावर गेलेलं माणूस गावात असेल, तर पहिली तीन मिनिटं त्यांना द्या. प्रश्न आधी सांगून ठेवा: मजुरी किती होती, तलावाची माती कुठून आणली, पहिल्या वर्षी पाणी कुठवर आलं. "त्या वेळचे हाल सांगा" असं विचारू नका, हालच ऐकायला मिळतील.

---

मोजपट्टी

आकड्यांबद्दल लिहितो. एकच सूत्र पारावर पाठ करून घ्या: १ चौरस मीटरवर १ मि.मी. पाऊस म्हणजे १ लिटर. म्हणजे हेक्टरी १ मि.मी. ला १०,००० लिटर.

तुमच्या गावाचा हिशोब: ९०० हेक्टर × ४५० मि.मी. = ४०५ कोटी लिटर. माणसांना माणशी रोज ५५ लिटर धरलं तर १,४०० जणांना वर्षाला २ कोटी ८१ लाख लिटर. ६०० मोठ्या जनावरांना रोज ५० लिटरने १ कोटी १० लाख. दोन्ही मिळून ३ कोटी ९१ लाख. म्हणजे गावावर पडणाऱ्या पावसाच्या एक टक्का! पिण्यासाठी टँकर लागतो त्या गावात हा आकडा सांगितला की लोक सावरून बसतात. हा धीर पोकळ नाही, कुणालाही पाटीवर गुणून बघता येतो.

आकडे बोलून दाखवू नका, मांडून दाखवा. चहाचे १०० कागदी कप दहा-दहाच्या ओळीत ठेवा आणि प्रत्येकात थोडं पाणी घाला. एक कप म्हणजे साधारण ४ कोटी लिटर. मग विचारा, "यातलं जमिनीत खोल किती जातं?" बेसॉल्टच्या मुलखात १० टक्क्यांच्या आसपास धरा, कठीण कातळ असेल तर आणखी कमी. दहा कप वेगळे काढा. भूजलाचा उपसा भरणीच्या (जमिनीत खोल मुरणाऱ्या पाण्याच्या) ७० टक्क्यांच्या आत असेल तर तो सुरक्षित मानतात, म्हणून त्यातले तीन झाकून ठेवा. उरले सात. एक माणसं-जनावरांचा. शेतीला सहा, म्हणजे सुमारे २४ कोटी लिटर.

आता ते सहा कप कुणाला द्यायचे, हे लोकांनाच ठरवू द्या. एका एकराला १ मि.मी. म्हणजे ४,०४७ लिटर. हरभऱ्याला २५० मि.मी. धरलं तर एकरी सुमारे १० लाख लिटर, गव्हाला ४०० मि.मी. धरलं तर १६ लाख, उसाला २,००० मि.मी. धरलं तर ८१ लाख. म्हणजे सहा कपांत २४० एकर हरभरा, किंवा १५० एकर गहू, किंवा ३० एकर ऊस. ठिबकने यात फरक पडतो, पण क्रम बदलत नाही. ऊसवाल्याला मधे उभं करून बोलायचं नाही. कपच बोलू द्या.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे उरलेले ९० कप "वाया गेले" असं सांगणं. ते चुकीचं आहे. त्यातला मोठा भाग मातीत ओल म्हणून राहतो आणि त्यावरच खरीप येतो, काही बाष्प होऊन जातो, आणि उरलेला ओढ्याने वाहतो. चर, बांध, तलाव यांच्या आवाक्यात फक्त तो वाहणारा भाग येतो. ९० कप अडवू असं म्हणालात तर समोरचा जाणता शेतकरी तुमचं पुढचं काहीच ऐकणार नाही.

दुसरा मांड दुष्काळी वर्षाचा करा, २५० मि.मी. चा. एकूण २२५ कोटी. भरणी त्याच दराने धरली तरी शेतीला १२ कोटींच्या आत. खरं तर कमी पावसात भरणीचा दरही घसरतो. म्हणून पीक ठरवायचं ते ऑक्टोबरमध्ये, विहिरी मोजल्यावर.

---

टिकाव_फावडं

कामाबद्दल. पाझर तलाव की गायरान, असं विचाराल तर सकाळच्या श्रमदानाला गायरान आणि ठरावाला तलाव. तलावाचा गाळ हाताने निघत नाही, यंत्र लागतं, आणि यंत्र चाललं की माणसं बघत उभी राहतात.

गायरानावर सलग समतल चर (उताराला आडवे, एकाच पातळीत खणलेले) घ्या. रुंदी ६० सें.मी., खोली ३० सें.मी. एक मीटर लांबीला ०.१८ घनमीटर, म्हणजे एका भरणीला १८० लिटर. मुरमाड जमिनीत माणसाकडून दोन तासांत अडीच मीटर चर होतो असं धरा. ४० माणसं, १०० मीटर, १८,००० लिटर. मोठा टँकर १०-१२ हजारांचा असतो, म्हणजे एका जोराच्या पावसाला दीड टँकर. मोसमात चर पाच वेळा भरला तर ९०,००० लिटर. हे सगळं विहिरीत येतं असं मात्र सांगू नका. काही बाष्प होतं, काही मातीतच राहतं आणि गवताला मिळतं.

पाच जणांचा गट करा. गटाला एक टिकाव, दोन फावडी, दोन घमेली. आदल्या दिवशी चुन्याने रेघ मारून ठेवा, नाहीतर पहिला पाऊण तास "कुठे खणायचं" यातच जातो. रेघ समपातळीत हवी. हायड्रोमार्कर (दोन काठ्यांना जोडलेली पाण्याची पारदर्शक नळी) वापरत असाल तर नळीत बुडबुडा राहिला का ते बघा, बुडबुडा असला की पातळी खोटी दिसते. सुरुवातीला दोन्ही काठ्या शेजारी उभ्या करून पाणी सारख्या खुणेवर आहे याची खात्री करा. काठी हलवताना नळीचं तोंड अंगठ्याने दाबा, पाणी सांडलं की पुन्हा पहिल्यापासून. ए-आकाराची लाकडी चौकट आणि ओळंबा असला तरी चालतं, वेळ जास्त लागतो.

माती उताराच्या खालच्या बाजूला टाकायची, आणि चराच्या काठापासून वीतभर जागा सोडून. काठाला चिकटून टाकलेली माती पहिल्याच पावसात चरात परत येते. दर १०-१५ मीटरला न खणलेला पट्टा सोडा. पातळी थोडी चुकली तर सगळं पाणी एका टोकाला धावतं आणि भराव फोडून खाली घळ पाडतं, हा पट्टा ते थांबवतो. भरावावर मृगाच्या आधी हमाटा किंवा मारवेल पेरा. गवत नाही धरलं तर दोन-तीन पावसाळ्यांत चर बुजतो.

सुरुवात माथ्यावरून. माथा ते पायथा हा क्रम मोडून आधी ओढ्यात बंधारा बांधला, तर वरची सगळी माती त्यात येऊन बसते. तुमचा पाझर तलाव निम्मा गाळाने का भरला, याचं उत्तरही बहुधा हेच आहे. गायरानाची जागा वनखात्याच्या नावावर नाही ना, ते तलाठ्याकडे आधी बघून घ्या. खणायला सुरुवात झाल्यावर हरकत आली की लोकांचा हिरमोड होतो आणि दुसऱ्यांदा कुणी येत नाही.

तलावाच्या ठरावासाठी एवढा आकडा पुरे: एक ब्रास गाळ म्हणजे १०० घनफूट, म्हणजे पाण्याला २,८३० लिटर जागा. भरावाच्या पायथ्याजवळ खोदायचं नाही. किती अंतर सोडायचं ते जलसंधारणच्या अभियंत्याला प्रत्यक्ष जागेवर आणून खुणा करून घ्या. गाळ हलक्या, मुरमाड रानात टाका. भारी काळ्या रानात टाकून उपयोग नाही, उलट निचरा बिघडतो.

---

ओल_दुष्काळ

वरचं सगळं बरोबर आहे, पण एक काळजीची गोष्ट राहिली. आशेची गोष्ट "विहिरी भरल्या" इथे संपवली की ती पुढच्या संकटाचं बी पेरते. पाणी वाढलं की बोअर वाढतात, उसाच्या मोळ्या येतात, आणि चार वर्षांत पातळी आधीपेक्षा खाली. काम केलेल्या कितीतरी गावांत हे झालंय. मग लोक म्हणतात, "श्रमदान करून बघितलं, काही होत नाही." ही निराशा पहिल्यापेक्षा वाईट, कारण तिच्या पाठीशी अनुभव असतो.

म्हणून गोष्टीत "पाणी आलं, आता ते कुणाचं?" हा प्रसंग घालाच. यासाठी हिवरे बाजारच्या जोडीला पाणी पंचायत सांगा. ७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातल्या नायगावात हा प्रयोग उभा केला. नियम मोजके आणि रोखठोक: पाणी जमिनीच्या हिशोबाने नाही, माणसांच्या हिशोबाने, माणशी अर्धा एकर आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही पाण्याचा हक्क. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही. ऊस घ्यायचा नाही. खर्चातला २० टक्के वाटा लाभधारकांचा. हे नियम पारावर वाचून दाखवा आणि थांबा. भांडण होईल, होऊ द्या. मोजपट्टी यांच्या सहा कपांनंतर लगेच हे आलं तर भांडण मुद्द्यावर राहील.

सत्यमेव जयते वॉटर कपचं उदाहरण कुणीतरी देईलच. २०१६ साली वरुड, कोरेगाव आणि अंबाजोगाई या तीन तालुक्यांत ती स्पर्धा सुरू झाली आणि पहिल्या वर्षी कोरेगावातल्या वेळूने ती जिंकली. त्यातून घेण्यासारखं आहे ते म्हणजे एप्रिल-मे मधले मोजून ४५ दिवस, रोजच्या कामाचं माप, आणि शेजारच्या गावाशी चुरस. मुदत आणि माप नसलेलं आवाहन हवेत विरतं. पण स्पर्धा ४५ दिवसांची होती, उपसा बाराही महिन्यांचा असतो. स्पर्धेतून पाणी वाढवायची ईर्ष्या घ्या आणि वापराचा नियम नायगावाकडून घ्या.

ठरावाला जोडून एक फलक हवा. गावातल्या पाच विहिरी निवडा, माथ्याकडच्या दोन, मधल्या दोन, ओढ्याकाठची एक. काठावर तेलरंगाने खूण करा आणि दर वेळी त्याच खुणेपासून पाण्यापर्यंतचं अंतर टेपने मोजा. भूजल सर्वेक्षण यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजते, तुम्हीही तेच महिने धरा, म्हणजे आकडे ताडून बघता येतील. मोजणी पहाटे, पंप सुरू व्हायच्या आत. पंप नुकताच बंद झालेला असला की पातळी खोटी खाली दिसते. आकडे चावडीच्या भिंतीवर रंगवा, वहीत नको. वही एकाच्या घरात राहते.

---

बोरबन

खूप काही मिळालं, मनापासून आभार. क्रम आता असा धरतो आहे: सकाळी चर, संध्याकाळी ७२ च्या कामावरच्या आजींची तीन मिनिटं, कप, हिवरे बाजारचे ठराव, नायगावचे नियम, आणि दुसऱ्या दिवशी ग्रामसभेत मांडायच्या ठरावाचं वाचन.

तीन शंका उरल्यात. संध्याकाळी पारावर बायका येत नाहीत. ज्यांना रान नाही त्यांना यात काय? आणि पाऊसच आला नाही तर?

---

रांजणखळगी

पहिल्या शंकेचं उत्तर: पाराची वेळ आणि जागा दोन्ही बायकांची नाहीत. संध्याकाळी चूल असते, आणि पारावर बसायची सवय नसते. नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असतेच, कप तिथेच आधी मांडा, दुपारी ३ ते ४, समाजमंदिरात किंवा अंगणवाडीत. पाणी भरणारी बाईच असल्यामुळे घरात रोज किती हंडे येतात हे तिला पाठ असतं. ५५ लिटर म्हणजे किती हंडे, हे तिला विचारा आणि तिचाच आकडा संध्याकाळी पारावर तिच्या नावाने सांगा. महिलांच्या सभेत झालेली मागणी ठरावाच्या मसुद्यात शब्दशः घ्या. गणपूर्तीलाही याचा उपयोग होतो: ग्रामसभेला १५ टक्के किंवा १०० मतदार, यांतली कमी असेल ती संख्या लागते.

रान नसलेल्यांसाठी आणि बायकांसाठी चराइतकंच महत्त्वाचं काम म्हणजे शोषखड्डा, कारण तो स्वतःच्या दारात होतो आणि त्याला ग्रामसभेची वाट बघावी लागत नाही. नांदेड पॅटर्न म्हणून जो प्रसिद्ध आहे तो करा: ४ फूट लांब, ४ फूट रुंद, ४ फूट खोल. तळाला मोठे दगड, मधोमध सिमेंटची छोटी टाकी किंवा माठ, वरच्या भागात चहूबाजूंनी भोकं. भोवती दगड, वर बारीक खडी, मग झाकण. मोरीचं पाणी आधी टाकीत येतं, गाळ तळाला बसतो, वरचं निवळ पाणी भोकांतून बाहेर पडून मुरतं. भोकं तळाला पाडली की गाळ थेट दगडांत जातो आणि वर्षभरात खड्डा तुंबतो, ही सगळ्यांत नेहमीची चूक. खरकट्यासाठी मोरीच्या तोंडाला जाळी बसवा, टाकीतला गाळ दोन-तीन महिन्यांनी काढा. संडासाचं पाणी यात सोडायचं नाही. पिण्याच्या विहिरीपासून आणि घराच्या पायापासून लांब घ्या. डास कमी झाले हे पहिल्याच मोसमात कळतं, आणि गोष्टीला लागणारं "जमलं" हे इतक्या लवकर देणारं दुसरं काम नाही.

मजुरीचा मुद्दाही उघड बोला. ज्याचं पोट रोजंदारीवर आहे त्याला दोन तास फुकट मागताना, उरलेलं चरांचं काम रोजगार हमीतून घेण्याचा प्रस्तावही त्याच ग्रामसभेत ठेवा. श्रमदान सगळ्यांनी सारखं करायचं आणि वाढलेलं पाणी फक्त विहीरवाल्याचं, हे कुणालाही पटणार नाही. गायरानावरच्या गवतात रान नसलेल्यांना पहिला हक्क, एवढी एक ओळ ठरावात असली तरी चित्र बदलतं.

मुलांना पावसाची नोंद द्या. सरळ बाजूंची दोन लिटरची बाटली खांद्यापाशी कापायची आणि वरचा भाग नरसाळ्यासारखा उलटा बसवायचा. बुडाला वळण असतं, म्हणून तिथे खडे घालून सरळ भाग सुरू होईपर्यंत पाणी भरायचं, तिथे शून्य. पुढे पट्टीने मि.मी. च्या खुणा. तोंड जमिनीपासून फूटभर वर, आणि जवळचं झाड किंवा भिंत जितकी उंच त्याच्या दुप्पट अंतरावर. रोज सकाळी ८.३० ला वाचायचं, हवामानखात्याची वेळही तीच आहे, आणि वाचून झालं की पाणी शून्यावर आणायचं. आकडा विहिरींच्या शेजारी त्याच भिंतीवर.

---

टिकाव_फावडं

पाऊस आला नाही तर, हे आदल्या संध्याकाळीच बोला, नंतर नाही. "चर पाऊस आणत नाही, आलेला थांबवतो" हे वाक्य दोनदा म्हणा. ४५० च्या जागी २५० पडला तरी त्यातले दोन-चार पाऊस जोराचे असतातच, आणि चर भरतात ते तेवढ्यावरच. रिमझिम पावसात चर कोरडाच दिसतो, तेव्हा कुणी म्हणेल काम फुकट गेलं. ती ओल जागच्या जागी मुरलेली असते, हे टिकावाने वीतभर माती उकरून दाखवता येतं.

चर बघायला कधी यायचं, याची ठरावात तारीख घालू नका, पावसाचा आकडा घाला: मुलांच्या बाटलीत एका दिवसात ३० मि.मी. दिसले की दुसऱ्या दिवशी सकाळी ७ वाजता प्रत्येक गटाने आपल्या चरावर यायचं, फावडं घेऊन. भराव कुठे फुटला, पाणी कुठल्या टोकाला साचलं, कोणता तुकडा कोरडा राहिला, तिघांनी तीन गोष्टी बघायच्या. फुटलेला भराव ओला असतानाच बांधून घ्या आणि पायाने दाबा. वाळल्यावर टाकलेली माती जुन्या मातीला धरत नाही, पुढच्या पावसाला तिथूनच फुटतो. गटाचा नंबर दगडावर रंगवून चराच्या तोंडाशी ठेवला असेल तर कुणाचा चर कोणता, हे विचारत बसावं लागत नाही.